चकतीच्या मागे

क्ले टार्गेट शूटिंगच्या पहिल्या दिवशी मी २५ काडतुसे उडवली आणि हवेत उडणाऱ्या ३ चकत्या फोडल्या. त्यांपैकी एक चकत्या फेकणाऱ्या यंत्रातूनच तडकून बाहेर पडली होती असे शिकवणाऱ्या सुभेदारांचे म्हणणे पडले, आणि तडकलेली चकती धरायची नसते, ती पुन्हा मागून घ्यायची असते. तेव्हा खरा हिशेब दोनाचाच. परतीच्या वाटेवर वर्धनगडाच्या घाटात स्टिअरिंग वळवले की उजवा खांदा ठणकत होता. खांद्यापेक्षा मन अधिक ठणकत होते, कारण ज्या माणसाने बावीस वर्षे दुर्बिणीतून पाहून मिलिमीटरपर्यंतची वाचने घेतली, त्याला तीस-पस्तीस मीटरवरची बशीएवढी वस्तू डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही लागू नये, याची संगती मला काही केल्या लागत नव्हती.

मी साताऱ्यात जमिनीची मोजणी आणि बांधकामाची आखणी करून देण्याचा खाजगी व्यवसाय करतो. त्या माळावर मी बंदूक चालवायला गेलोच नव्हतो. पुसेगावच्या पुढे, खटाव तालुक्यातल्या एका बरड जमिनीवर क्ले टार्गेट शूटिंगची एक लहानशी रेंज उभी राहत होती आणि तिची आखणी करण्यासाठी मला बोलावले होते. छर्रे कितीही बारीक असले तरी वर उडालेले कुठेतरी खाली येणारच. म्हणून नेमबाजाच्या समोर सुमारे पावणेतीनशे मीटर जागा माणसे, गुरे आणि रस्ता यांच्यावाचून मोकळी लागते. ती मी मोजून दिली, खुंट्या ठोकल्या, यंत्राच्या खंदकापासून १५ मीटर मागे पाच जागा चुन्याने आखल्या आणि बिल लिहायला बसलो. रेंजची व्यवस्था आणि शिकवणे अशी दोन्ही कामे पाहणारे सैन्यातले एक निवृत्त सुभेदार शेजारी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, मोजलं तेवढं झ्याक झालं. रेंज चालू झाली की एकदा मारूनबी बघा.” परवाने आणि मंजुऱ्या होऊन रेंज सुरू झाल्यावर त्यांनी खरोखरच फोन केला, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली बंदूक त्यांच्या देखरेखीखाली हातात घेतली.

नेमबाजी म्हटले की आपल्या भागात माणसाला कोल्हापूर आठवते, आणि ते रास्तच आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझपदक आणले; पण ही दोन्ही यशे रायफलची आहेत. तिथे लक्ष्य ५० मीटरवर निश्चल असते, त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, आणि नेमबाज श्वास रोखून स्वतःलाही तितकेच निश्चल करतो. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे चटकन पटते. शॉटगनचा, म्हणजे छर्रे उडवणाऱ्या बंदुकीचा, खेळ याच्या अगदी उलटा आहे. चुनखडीची पूड आणि डांबरासारखा एक चिकट पदार्थ यांच्या मिश्रणातून ओतलेली, ११० मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १०५ ग्रॅम वजनाची चकती जमिनीखालच्या खंदकातून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने सुटते आणि कोणत्या बाजूला जाईल हे आधी कळत नाही. ऑलिम्पिकमधल्या ट्रॅप या प्रकारात अशी १५ यंत्रे असतात, नेमबाजाच्या प्रत्येक जागेसमोर तीन. आमच्या रेंजवर एकच होते, जे डावीउजवीकडे झुलत राहून कोन बदलत असे. एका चकतीला दोन बार मारण्याची मुभा असते आणि २५ चकत्यांची एक फेरी होते. एकोणिसाव्या शतकात या खेळात पेटाऱ्यातून जिवंत कबुतरे सोडत आणि ती मारत; ट्रॅप हे नाव त्या पेटाऱ्याचेच. पुढे काचेचे गोळे आले, आणि १८८० च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्ज लिगोव्स्की याने मातीची चकती काढली. आज चकतीत माती उरलेली नाही, कबुतर तर नाहीच, पण रेंजवर सगळे तिला अजून ‘बर्ड’च म्हणतात. आपल्या देशात या प्रकाराची परंपरा लहान असली तरी उंच आहे: बिकानेरच्या करणी सिंहांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्यपदक मिळवले आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे, म्हणजे एकदम दोन चकत्या सुटणाऱ्या प्रकाराचे.

माझा पहिला दोष सुभेदारांनी बंदूक भरण्याच्या आधीच ओळखला. त्यांनी मला दोन्ही पंजे जुळवून मध्ये एक लहान खिडकी करायला सांगितली, त्या खिडकीतून त्यांच्या नाकाकडे पाहायला लावले आणि मग एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा डोळा उघडा असताना त्यांचे नाक जागेवर राहिले आणि डावा उघडा असताना नाहीसे झाले; म्हणजे माझा उजवा डोळा धनी, नेमाला पुढाकार घेणारा, आणि मी उजव्या खांद्यावर बंदूक धरणारा, ही जोडी जमली होती. ज्यांची ती जमत नाही त्यांना एक तर दुसऱ्या खांद्यावर शिकावे लागते किंवा चष्म्याच्या एका काचेवर चिकटपट्टी लावावी लागते. मी मनोमन सुटकेचा निःश्वास टाकला आणि रिकामी बंदूक खांद्याला लावताक्षणी डावा डोळा घट्ट मिटला. बावीस वर्षांची ती सवय आहे. ऑटो लेव्हल या मोजणीच्या दुर्बिणीच्या नळीला उजवा डोळा लावला की डावा आपोआप मिटतो, त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही. सुभेदार म्हणाले, “आवं साहेब, देवानं दोन दिल्यात, एक कशापायी झाकताय? एका डोळ्यानं बर्ड दिसंल, पर ती किती जोरात पळतीया ते न्हाई कळायचं.”

ही एक सवय मोडायला मला दीड महिना लागला. डोळा उघडा ठेवायचा असे ठरवून मी उभा राहत असे, चकती मागत असे, आणि चाप ओढण्याच्या नेमक्या क्षणी तो विश्वासघातकी डोळा मिटत असे. घरी आरशासमोर छत्री घेऊन मी रोज रात्री पन्नास वेळा सराव केला. बंदूक रेंजची, ती रेंजवरच राहायची, तेव्हा छत्रीवाचून पर्याय नव्हता. छत्रीची मूठ गालाला लावून हॉलमधल्या घड्याळाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहत उभा असलेला नवरा दिसल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र शेजाऱ्यांकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

या छत्रीच्या सरावातून एक गोष्ट अशी साधली की जिचे महत्त्व मला तेव्हा कळलेले नव्हते. शॉटगनला पुढे नळीच्या टोकावर एक माशी, म्हणजे नेम धरायचा लहानसा मणी, असते, पण रायफलीसारखी मागची माशी नसते. ते काम नेमबाजाचा डोळाच करतो. साहजिकच गाल दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, रोज वेगळ्या ठिकाणी टेकला, तर आपण रोज वेगळीच बंदूक चालवत असतो. डोके जरा वर उचलले की बार वरून जातो. गाल पुरता टेकला नाही आणि डोळा डावीकडे राहिला की बार डावीकडे जातो. हे ऐकून मी मान डोलावली होती, पण पटले ते पत्र्यापाशी. सुभेदारांनी चुना फासलेला एक मोठा पत्रा ३० मीटरवर उभा केला, मध्ये कोळशाने ठिपका काढला आणि मला पाच बार मारायला लावले. पत्र्याजवळ जाऊन पाहिले तर चुन्यावर काळ्या टिंबांचा जो ढग उमटला होता, त्याचा मध्य ठिपक्याच्या चांगला वीतभर डावीकडे होता. तो जरासा वर होता, त्याचे काही नाही. चकती वर चढत जाणारी असते म्हणून ट्रॅपची बंदूक मुद्दामच किंचित वर मारणारी घडवतात. डावीकडचा दोष मात्र सर्वस्वी माझा होता. खांद्याला काळानिळा डाग पडलेला, त्यावर आंबेहळदीचा लेप, आणि त्या डागाच्या भीतीने मी दस्त्यापासून गाल दोन बोटे दूर ठेवू लागलो होतो. वास्तविक दणका बसतो तो बंदूक सैल धरल्याने. आधी गालाला आणि मग खांद्याला अशी ती एका हालचालीत वर आली आणि खांद्याच्या खोबणीत घट्ट बसली, तर २४ ग्रॅम छर्‍यांच्या काडतुसाचा धक्का सहज सोसवतो.

दणक्याची भीती गेली आहे असे मी सुभेदारांना सांगितले, त्या दिवशी त्यांनी मला बंदूक भरू दिली नाही. “मी भरतो,” म्हणाले. चौथ्या चकतीला मी चाप ओढला आणि बार झालाच नाही, कारण त्यांनी त्यात फुसके काडतूस घातले होते. बार झाला नाही, पण नळीचे टोक मात्र चांगले चार बोटे खाली बुडाले आणि माझे दोन्ही डोळे मिटले, हे मागे उभ्या असलेल्या चौघांनी पाहिले. न झालेल्या आवाजाला मी दचकलो होतो. अशा वेळी तो प्रकार अपमानास्पद वाटतो, परंतु नवशिक्याला याहून प्रामाणिक आरसा दुसरा नाही असे आता माझे मत झाले आहे.

एवढे सगळे होऊनही तीन महिने माझा आकडा २५ पैकी ११ च्या पुढे सरकेना. सरळ समोर जाणारी चकती मी बऱ्यापैकी फोडत होतो. डावीउजवीकडे तिरकी जाणारी जवळजवळ प्रत्येक चकती सुखरूप जाऊन गवतात पडत होती. प्रत्येक बाराला सुभेदार मागून एकच शब्द उच्चारत, “मागं.” म्हणजे छर्रे चकतीच्या मागून गेले. “मागं.” “मागं.” “लई मागं.” शेवटी मी माझ्या धंद्याला शोभेल असे केले. कागद घेऊन बसलो. छर्रे नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघतात, पण हलके आणि गोल असल्यामुळे वेग झपाट्याने गमावतात. ३५ मीटर जायला त्यांना साधारणपणे सेकंदाचा दहावा भाग लागतो. चकती तिथवर पोचेपर्यंत तिचा वेग ताशी ७० किलोमीटरवर आला आहे असे धरले, तर तेवढ्या वेळात ती १.९४ मीटर जाते. ती १५ अंशांनी तिरकी जात असेल तर अर्धा मीटर, ३० अंशांना ०.९७ आणि ४५ अंशांना १.३७ मीटर पुढे नेम धरला पाहिजे. कोष्टक फार सुबक झाले. ते मी खिशात ठेवून गेलो आणि त्या दिवशी २५ पैकी ६ चकत्या फोडल्या.

गणित चुकलेले नव्हते. अडचण अशी होती की चकती दिसल्यापासून एका सेकंदाच्या आत बार व्हायला हवा, आणि त्या वेळेत ०.९७ मीटर हे अंतर हवेत मोजायचे तर नजर चकतीवरून काढून नळीच्या टोकावर आणावी लागते. नजर नळीवर आली की हात थांबतो, म्हणजे मी अंतर बरोबर आहे की नाही याची खात्री करून घेण्यासाठी थांबतो. आणि चाप ओढावा असे मनात येणे व प्रत्यक्ष बार होणे यांच्यामध्ये आणखी सुमारे सेकंदाचा पाचवा भाग निघून जातो. तेवढ्यात चकती आणखी दोन-चार मीटर पुढे गेलेली असते. बंदूक चकतीबरोबर फिरतच राहिली असती तर हा सगळा उशीर तिने आपोआप पोटात घातला असता. मी मात्र प्रत्येक वेळी मोजणीसाठी थांबत होतो आणि जे अंतर मोजत होतो ते मोजण्याच्या क्षणीच शिळे होत होते. मोजणीदाराला हे मान्य करणे किती जड गेले ते मोजणीदारच जाणे. आमच्या धंद्यात वाचन दोनदा घेतल्याशिवाय फील्डबुकात लिहायचे नाही, हा पहिला धडा असतो.

सुभेदारांनी त्यांच्या परीने उपाय सुचवला. “गोफण फिरवलीया का कधी? जोंधळ्याच्या राखणीला?” मी साताऱ्याच्या पेठेत वाढलेला माणूस, गोफण मी फक्त पाहिलेली. त्यांनी आपल्या घरातली आणून दिली, माळ्यावर उभे राहून पाखरांच्या थव्याकडे पाहत दगड कसा सुटतो ते दाखवले, आणि मी ती फिरवली तेव्हा पहिला दगड माझ्याच पाठीमागे उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या चाकाला लागला. त्यांच्या हाताला लहानपणापासून जे ठाऊक होते ते मला उसने मिळणे शक्य नव्हते. दुसऱ्याच्या बालपणातला दृष्टांत दुसऱ्याला पुरत नाही, एवढे मात्र त्यावरून कळले.

माझे उत्तर मला घरच्या अंगणात मिळाले, आणि तेही रंगपंचमीला. आमच्या वाड्याच्या अंगणात थोरल्या भावाची आठ वर्षांची मुलगी पिचकारी चुकवत तुळशीवृंदावनापासून न्हाणीघरापर्यंत आडवी पळत होती आणि मी ओट्यावर उभा राहून तिला भिजवत होतो. पहिल्या दोन वेळा पाण्याची धार तिच्या मागच्या फरशीवर पडली, ती मागे वळून खिदळली, आणि तिसऱ्यांदा तिच्या लाल फ्रॉकवर माझी नजर खिळलेली असताना हात आपोआप तिच्याबरोबर वळत गेला. धार तिच्या खांद्यावर फुटली. पिचकारीच्या तोंडाकडे मी पाहिलेच नव्हते. चौथ्या वेळी मी मुद्दाम पाहिले, आणि लगेच धार पुन्हा मागच्या फरशीवर. पाण्याची धार दिसते, तिला बाक येतो, हात थांबला की ती कशी मागे पडते हे डोळ्यांसमोर उमटते. छर्‍यांचे तसे काहीच दिसत नाही. मी बादली संपेपर्यंत पुतणीला पळायला लावले. ती थकली तेव्हा पाच रुपयांच्या गोळ्यांचे आमिष दाखवून आणखी एक बादली वापरली. काका एवढा उत्साहात का आहे याचे घरात कोणालाच कोडे उलगडले नाही.

पुढच्या रविवारी मी सुभेदारांना म्हणालो की आज फक्त उजवीकडे जाणारी चकती द्या, यंत्र एकाच कोनात बांधून टाका. एकच कोन पुन्हा पुन्हा मारणे हे नवशिक्यासाठी फार उपयोगी आहे, आणि आकड्याच्या हव्यासापायी मी ते इतके दिवस टाळले होते. नजर खंदकाच्या कडेवर न रोखता तिच्या किंचित वर सैल ठेवली, वजन डाव्या पायावर घेतले, चकती मागितली. ती दिसली तेव्हा तिची पुढची कडा पाहायची, फक्त कडा, आणि बार झाल्यावरही बंदूक फिरवत राहायची. चौथी चकती फुटली ती तुकडे होऊन नव्हे. काळ्या धुराचा एक गोळा हवेत उमटला आणि वाऱ्याने विस्कटला. त्या क्षणी नळी कुठे होती, चकतीच्या किती पुढे होती, हे मला सांगता आले नाही. “किती पुढं धरलं व्हतं?” सुभेदारांनी विचारले. “ठाऊक नाही,” मी म्हणालो, आणि ते पहिल्यांदाच हसले.

त्यानंतर मी फील्डबुकातले रकाने बदलले. आधी तारीख आणि आकडा एवढेच लिहीत होतो. आता चकतीची दिशा, कुठे चुकली, वारा कुठून होता आणि त्या वेळी माझी नजर कुठे होती, असे चार रकाने आहेत. शेवटचा रकाना भरताना प्रामाणिक राहणे सर्वांत अवघड जाते. वाऱ्याचा रकाना उगीच नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात तो खटावच्या माळालाही सोडत नाही. समोरून आला की चकतीला वर उचलतो, पाठीमागून आला की खाली दाबतो, आणि आपण कालच्याच उंचीवर बार मारून मोकळे होतो. एका दिवसात दोन फेऱ्यांपेक्षा अधिक मारायचे नाही हा नियमही मी त्या वहीवरूनच शिकलो, कारण तिसऱ्या फेरीत सगळे जुने दोष रांगेने परत येतात. खर्चाच्या दृष्टीनेही ते बरे. एक काडतूस एका वडापावापेक्षा महाग पडते आणि फेरी संपली की हातात काहीच उरत नाही.

कधीकधी धनगर आपली मेंढरे घेऊन समोरच्या मोकळ्या जागेच्या कडेने जाऊ लागतो. मग सुभेदार सगळ्यांना बंदुका उघडून रिकाम्या करायला लावतात आणि शेवटचे मेंढरू ओढ्यापलीकडे जाईपर्यंत कोणी काडतुसाला हात लावत नाही. त्या वीस मिनिटांत मला त्या जमिनीत दर आठवड्याला पडणाऱ्या शिशाचा विचार छळतो. एका काडतुसात जवळजवळ तीनशे छर्रे असतात. रेंजच्या लोकांनी वरचा थर चाळून शिसे परत काढायचे ठरवले आहे; ते प्रत्यक्षात होते का, यावर मी लक्ष ठेवून आहे, कारण ती जमीन किती एकर आहे ते मला दशांशापर्यंत माहीत आहे.

गेल्या महिन्यात माझे १७ झाले. त्या फेरीतली अठरावी चकती, तिसऱ्या जागेवरून डावीकडे जाणारी, मी नक्की मारली असे मला वाटत होते. पण तिचा एकही तुकडा उडालेला कोणाला दिसला नाही आणि ती अख्खी जाऊन गवतात बसली. फेरी संपल्यावर, लाल निशाण खाली घेतल्यावर, मी ती शोधून काढली. कुसळांमध्ये ती पालथी पडली होती, आणि तिच्या कडेपासून दीड सेंटिमीटर आत एक स्वच्छ, गोल छिद्र होते. एक छर्रा आरपार गेला होता. नियम असा आहे की डोळ्यांना दिसेल असा तुकडा पडला तरच चकती फुटली. भोक पडलेली चकती चुकलेलीच. मी खिशातली पट्टी काढून छिद्राचे कडेपासूनचे अंतर मोजले आणि सुभेदारांना विचारले, की हे पुढच्या बाजूला आहे की मागच्या, म्हणजे माझा बार पुढे गेला होता की मागे, हे यावरून ठरवता येईल का?

त्यांनी चकती हातात घेतली, बोटावर गरकन फिरवली आणि परत दिली. “साहेब, उडताना ती गरगर फिरत असती. तिला पुढचं कुठलं आन् मागचं कुठलं?”

ती चकती आता माझ्या टेबलावर फील्डबुकावर ठेवलेली असते. त्या दिवसाच्या पानावर अठराव्या चकतीसमोर ‘कुठे चुकली’ हा रकाना कोराच आहे.